दीड माणसाचा नमुना

मूतखड्याचा माणूस लांबून ओळखू येतो. अपेंडिक्सवाला अंग चोरून पडून राहतो, तापवाला कण्हत बसतो. खडेवाल्याला मात्र बसवत नाही, उभं राहवत नाही, आडवं तर होववतच नाही. तो नाचतो. त्या शुक्रवारी सकाळी केसपेपरच्या रांगेत एक उंच माणूस असाच नाचत होता. पिवळं हेल्मेट काखेत, डावा हात पाठीशी, कपाळावर घाम. मागची माणसं जरा अंतर ठेवून उभी होती.

ती नुकतीच कामावर येत होती. एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात लॅबची किल्ली. या चार मजली हॉस्पिटलात फक्त मूत्रविकारांचे पेशंट येत, आणि तिथली लॅब ती दहा वर्षं सांभाळत होती. दिवसभर लघवीच्या बाटल्या वाटायची आणि भरून आलेल्या तपासायची, म्हणून सगळा स्टाफ तिला पाठीमागे बाटलीबाई म्हणे. वॉर्डातल्या मावशी तर तोंडावरच म्हणत. तिला राग येत नसे. कोणीतरी हाक मारतंय, एवढंही तिला पुरत होतं.

"डावीकडे दुखतंय?" तिने थांबून विचारलं.

"डावीकडेच... पाठीतून खाली... तुम्हाला कसं कळलं?"

"हात तिथेच आहे ना तुमचा. उलटी झाली?"

"दोनदा. वरून."

"वरून म्हणजे?"

त्याने हेल्मेटने खिडकीकडे खूण केली. रस्त्यापलीकडे एक इमारत उठत होती, आणि तिच्या डोक्यावर क्रेन. "तिथून. दोनशे फूट. खाली कोणी नव्हतं, नशीब."

"त्या क्रेनमधून तुम्ही असे उतरलात?"

"शिडीने. एरवी वीस मिनिटं लागतात, आज पाऊण तास लागला. मध्ये मध्ये... थांबून नाचलो."

खिडकीमागच्या क्लार्कने तेवढ्यात नेहमीचा प्रश्न टाकला, "बरोबर कोण आहे?"

"हेल्मेट," तो म्हणाला.

तिला हसू आलं. आवरायला गेली तर आणखीच आलं. मग तिने रांगेची पर्वा न करता त्याला सरळ आत नेलं, इंजेक्शन देववलं, आणि दुखणं उतरेपर्यंत पलंगाशेजारी उभी राहिली. लॅब त्या दिवशी अर्धा तास उशिरा उघडली. दहा वर्षांत पहिल्यांदा.

सोनोग्राफीत खडा दिसला. मूत्रपिंडातून खाली येणाऱ्या नळीत अडकलेला, नऊ मिलिमीटरचा. पाच-सहापर्यंतचे बहुतेक आपले आपण निघून जातात. नऊचा वाट अडवून बसतो. मोठ्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी दुर्बीण घातली, लेसरने खड्याचा चुरा केला, आणि नळी मोकळी राहावी म्हणून दोन आठवड्यांसाठी आत एक बारीक मऊ ट्यूब ठेवली. नातेवाईक म्हणून सही करायला कोणीच नव्हतं, तेव्हा मावशींनी केली. असल्या सह्या मावशींनी आजवर पुष्कळ केल्या होत्या.

खड्याचे तुकडे तपासणीसाठी तिच्याकडे आले. आठवड्याने रिपोर्ट न्यायला तो स्वतः आला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. माणूस नाचत नसला की बरा दिसतो, एवढं तिच्या लक्षात आलं. जरा जास्तच लक्षात आलं.

"कॅल्शियम ऑक्झलेट," ती कागदावर बोट ठेवून म्हणाली. "सगळ्यात जास्त हाच सापडतो."

"म्हणजे टोमॅटोच्या बिया."

"बियांचा काही संबंध नाही."

"आमचा मुकादम म्हणतो, बियांनीच होतो. आणि बिअरने जातो."

"मुकादमाला सांगा, भिंती बांध. दूध सोडू नका, मीठ कमी करा, पालक रोज नको, लिंबू चालेल. आणि पाणी. दिवसाला किती पिता?"

तो छताकडे बघू लागला. "सकाळी चढायच्या आधी अर्धी बाटली."

"आणि मग?"

"मग संध्याकाळी उतरल्यावर."

"दहा तास? वर ऊन, काचेची केबिन, आणि दहा तास पाणी नाही?"

"प्यायलं तर उतरावं लागतं ना, मॅडम. वीस मिनिटं खाली, वीस मिनिटं वर, तोवर खाली सगळं काम ठप्प. मुकादम वॉकीटॉकीवर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. सगळी केबिन माझी एकट्याची, पण... आपलीच मोरी आणि..." तो अडखळला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"पुरी करा की म्हण. मी दिवसभर तेच मोजते."

दोघंही हसली. मग तिने आवाज कडक करून सांगितलं, की असंच चाललं तर पाच वर्षांत दुसरा खडा जवळजवळ ठरलेला. आणि दर वेळी दोनशे फूट उतरायला जमेलच असं नाही. वर एक रिकामी बाटली ठेवा, लाजायचं काही कारण नाही, पण तीन लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे.

"पितो. तुम्हाला खरं नाही वाटणार म्हणून सांगतो, ती तुमचीच खिडकी ना? माझ्या केबिनमधून दिसते. अकरा, एक, तीन, पाच. बघत राहा."

"मला दुसरे उद्योग नाहीत का?" ती म्हणाली.

उद्योग होते, पण दुसऱ्या दिवशी पावणेअकरालाच तिची नजर घड्याळाकडे गेली. अकरा वाजता क्रेनच्या केबिनमध्ये लाल ठिपका वर गेला. त्याने बाटलीला लाल कापड गुंडाळलं होतं. ती पटकन बाजूला झाली, आपण पाहिलंच नाही असं दाखवायला. पण दाखवायचं कोणाला? खोलीत तिच्याशिवाय होतं कोण? एक वाजता ती खिडकीतच उभी राहिली, आणि तीन वाजता आपला स्टीलचा पेला उचलून तिनेही दोन घोट घेतले. पेल्यावर ऊन चमकलं. वरचा लाल ठिपका क्षणभर थबकला, मग जोरजोरात हलला.

"पडदा का गुंडाळलास ग?" चौथ्या दिवशी मावशींनी विचारलं.

"उजेड लागतो."

"दहा वर्षं नव्हता लागत?"

"आता डोळे थकले."

"हो ना, दिसतायत थकलेले. काजळ घालून थकलेत," मावशी म्हणाल्या आणि फडकं झटकत निघून गेल्या.

ती एकटी राहायची. दोन खोल्या, एक पलंग, आईचा एक फोटो. ताई लग्न होऊन लांब गेलेली. रविवारी अकराला तिचा फोन येई, जेवलीस का, तब्येत कशी, ठेवते ग, भावोजी हाक मारतायत. सात मिनिटं. बाकीच्या रविवारात तिला तोंड उघडायचं कारण पडत नसे. स्वयंपाक एकटीचा, तोही ओट्याशी उभ्यानेच संपायचा. सोमवारी सकाळी पहिल्या पेशंटशी बोलताना तिचा आवाज घोगरा निघे, वापरात नसलेल्या कुलपासारखा अडकत निघे. तिला वाटे, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

"सोमवारी तुमचा आवाज बसलेला असतो," तो म्हणाला.

ट्यूब काढून झाली होती, आता त्याला हॉस्पिटलात यायचं काही कारण उरलं नव्हतं, तरी तो यायचा. वारा जोराचा असला की क्रेनचं काम बंद ठेवतात. तिचा लांब हात वाऱ्याबरोबर हवा तसा फिरू देतात, म्हणजे ती उलथत नाही. असल्या दिवशी तो रस्ता ओलांडून हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये बसे, आणि तिची जेवणाची सुट्टी नेमकी तेव्हाच होई. झाडांची पानं काचेवर येऊन आपटत. चहाच्या कपावर ती बशी झाकून ठेवायची, धूळ नको म्हणून. तो ती बशी उचलून कप तिच्याकडे सरकवायचा. बस, एवढंच. पण घरी गेल्यावर तिला ती सरकवलेली बशी आठवायची.

"सर्दी होते मला," ती म्हणाली. "दर रविवारी."

"मला पण. दिवसभर वॉकीटॉकीवर तीनच शब्द बोलायचे. वर, खाली, थांब. परवा भाजीवाल्याने विचारलं, किती देऊ? मी म्हटलं, थांब."

ती हसली. मग त्याने विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण?"

एकटी राहते म्हटलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. मग लग्न का नाही केलं? मग भीती नाही वाटत? मग कोणी आहे का? या प्रश्नांना ती इतकी कंटाळली होती, की गेली दोन वर्षं अनोळखी माणसाला तिचं एकच तयार उत्तर असे. ते आपसूक निघालं.

"आई असते."

त्याचा चेहरा उजळला. "अरे वा. माझी मी पाच वर्षांचा असतानाच गेली. काकांनी वाढवलं. काय म्हणतात आई?"

"काय म्हणणार? गुडघे दुखतात म्हणते. आणि मी मीठ कमी घालते म्हणून बोलत बसते."

"माझा नमस्कार सांगा त्यांना."

खोटं बोलणं एकदाचं असतं तर निभावलं असतं. पण त्याने पुढच्या वेळी बसल्याबसल्या पहिलाच प्रश्न केला, "आज काय म्हणाल्या आई?" आणि हिनेही सांगितलं. आई म्हणते, चहात साखर आणि माणसात माया दिसत नाही, नसली की कळते. आई म्हणते, खोट्याच्या कपाळी गोटा. तो म्हणाला, "माझ्या कपाळी नव्हता, जरा खाली होता," आणि आपल्याच विनोदावर खूष झाला. ती हसली खरी, पण तो गोटा तिलाच लागला. आईबद्दल बोलायला दोन वर्षांनी कोणीतरी मिळालं होतं. गोड लागलेलं खोटं थुंकता येत नाही. एकदा वारा घोंघावत असताना तर ती म्हणून गेली, "आई म्हणते, असल्या दिवशी त्याला वर चढू देऊ नकोस."

"त्यांना माझी काळजी?" त्याने उचललेला कप पुन्हा खाली ठेवला. "सांगा त्यांना, नाही चढत."

दोन महिने गेले. रस्त्यापलीकडची इमारत पुरी होत आली. तिला मजले वाढताना दिसत होते, आणि क्रेन इमारतीसाठी असते, इमारत क्रेनसाठी नसते, हेही कळत होतं. पण कळलेलं मनावर घ्यायला तिला वेळ लागला. एका बुधवारी त्यानेच सांगून टाकलं.

"पुढच्या शनिवारी क्रेन उतरवणार. दुसऱ्या शहरात काम आहे. दोन दिवसांचा प्रवास."

"अच्छा," ती म्हणाली. बशी कपावर नीट बसत नव्हती. "जायच्या आधी चोवीस तासांचा नमुना द्यायचाय तुम्हाला. डॉक्टरांनी लिहिलंय. खडा परत होईल का, ते त्यावरून कळतं."

तिने त्याला पाच लिटरचा पांढरा डबा दिला आणि हजारदा सांगितलेलं पुन्हा सांगितलं. रविवारी सकाळी सहाची पहिली लघवी सोडून द्यायची. तिथून पुढची प्रत्येक, थेंबन् थेंब, डब्यात. सोमवारी सकाळी सहाची घेतली की बंद. आणि नेहमी राहता तसेच राहा, ही परीक्षा नाही.

तो डबा घेऊन मंगळवारी आला. छाती काढून ठेवला टेबलावर. तीन लिटरच्या वर भरला होता.

"फर्स्ट क्लास?" त्याने विचारलं.

"निकाल उद्या," ती म्हणाली.

निकाल लागला आणि तिचा हात थांबला. मीठ ठीक होतं, कॅल्शियम ठीक होतं, लघवी भरपूर होती. मोठ्या डॉक्टरांनी हा रिपोर्ट बघितला असता तर पाठ थोपटून म्हणाले असते, जा, काही नको तुला. पण क्रिएटिनीनचा आकडा भलताच होता. तिने चाचणी दुसऱ्यांदा केली. तोच आला. तिने डब्यावरचं लेबल पुन्हा पुन्हा वाचलं, खिडकीत गेली, परत आली.

बुधवारी वारा होता. तो खालून सरळ लॅबमध्येच आला. "पास की नापास?"

"बसा. वजन किती तुमचं?"

"बहात्तर. का?"

"माणसाच्या स्नायूंतून रोज ठरावीक क्रिएटिनीन बाहेर पडतं. पाणी कमी प्या, जास्त प्या, त्यात फारसा फरक पडत नाही. म्हणून आम्ही ते मोजतो. नमुना पुऱ्या दिवसाचा आहे ना, ते कळायला. तुमचं दीडपट आलंय." तिने कागद त्याच्यापुढे सरकवला. "हा एका माणसाचा नमुना नाही. दीड माणसाचा आहे. आता हा वरचा अर्धा कोण, तेवढं सांगा."

त्याने हेल्मेट मांडीवर घेतलं. एकदा फिरवलं, दुसऱ्यांदा फिरवलं.

"मीच. सोमवारचा."

"म्हणजे?"

"सोमवारी सकाळी सहाला बघितलं तर डब्याच्या तळाशी एवढंसं. लाज वाटली. हे घेऊन तुमच्यासमोर कसं यायचं? म्हटलं, अजून थोडं होऊ दे... डबा पिशवीत घातला, पाठीला लावला आणि चढलो. संध्याकाळी उतरलो तेव्हा भरला होता."

पाठीवर तो डबा घेऊन दोनशे फूट शिडी चढणारा माणूस तिच्या डोळ्यांसमोर आला. एरवी ती पोट धरून हसली असती.

"हे हसण्यावारी नेऊ नका. मी यावर सही केली असती तर तुम्हाला औषध मिळालं नसतं. आणि तिकडे वर एकटे असताना पुन्हा दुखलं असतं तर?" तिचा आवाज चढला. "दोन महिने मी बघतेय, तुम्ही रोज पाणी पिता. मग रविवारी काय झालं?"

"रविवारी तुमची खिडकी बंद असते."

तिने खिडकीकडे पाहिलं. पडदा गुंडाळलेलाच होता.

"मी खोलीवर पडून असतो," तो म्हणाला. "बाटली हाताशीच असते. पण... मी पाणी प्यालो काय, न प्यालो काय, कोणाचं काय अडतं? अकरा वाजले की खिडकीत कोणीतरी येतं, म्हणून तहान लागते. रविवारी नाही लागत. आता शनिवारनंतर माझे सगळेच वार रविवार."

हा माणूस आपल्याला आवडतो, हे तिला आधीच कळलं होतं. आपण त्याला इतक्या हव्या आहोत, हे आत्ता कळत होतं.

"मग आधी का नाही बोललात?"

"काय बोलणार? चला माझ्याबरोबर, असं?" तो कसनुसं हसला. "तुमच्या आई आहेत. गुडघ्यांनी अधू, तुमच्याशिवाय त्यांना कोण? ज्याला आई नव्हती ना, त्याला कळतं ते. कोणाच्या आईजवळून तिची मुलगी न्यायची नाही. विचारायचंच नाही असं ठरवलं होतं मी. तुम्ही विचारलंत म्हणून..."

तिने टेबलाची कड धरली. आता गप्प बसलं तर काहीच बिघडणार नव्हतं. शनिवारी तो आदराने निघून गेला असता, आईला शेवटचा नमस्कार सांगून. तिच्या खोट्याचा कोणाला पत्ता लागला नसता. सोमवारी आवाज घोगरा निघाला असता, आणि ते ओळखणारंही कोणी उरलं नसतं.

"आई नाहीये," ती म्हणाली.

"गावाला गेल्यात?"

"नाही..." इतक्या साध्या शब्दांना इतका जोर लागेल असं तिला वाटलं नव्हतं. "गेली. दोन वर्षं झाली. दुपारी पावणेतीनला. मी इथेच होते, कोणाचा तरी नमुना लावत. शेजारणीचा फोन वाजत होता, आणि माझ्या हातात मोजे होते. म्हटलं, हे एवढं संपवून घेते."

तिला त्याच्याकडे बघवेना.

"लोक खोदून विचारतात म्हणून मी सरसकट सांगते, आई असते. तुम्हालाही तसंच सांगितलं. मग तुम्ही तिच्याबद्दल विचारत राहिलात, आणि मला... थांबवेना. जे सांगितलं ते सगळं तिचंच होतं. फक्त आजचं नव्हतं. तुम्ही निदान स्वतःचंच आणून भरलंत. मी तर नसलेलं माणूस आणलं."

"आणि माझे नमस्कार?"

"पोचवले. रोज, फोटोसमोर उभी राहून. घरी गेल्यावर बोलायला कोणाचं तरी काहीतरी असायचं."

तो उठला. खिडकीपाशी गेला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. पलीकडे त्याची रिकामी क्रेन वाऱ्याने सावकाश फिरत होती. तिला वाटलं, आता हा जाईल. जावंच. आईसाठी आसुसलेल्या माणसाला आपण खोटी आई दिली, याला क्षमा कसली मागायची?

"गुडघे खरंच दुखायचे त्यांचे?" त्याने न वळता विचारलं.

"खूप."

"आणि मिठावरून बोलायच्या?"

"रोज."

"आणि ते... वाऱ्याच्या दिवशी त्याला वर चढू देऊ नकोस?"

तिने मान खाली घातली. "ते आईचं नव्हतं. ते मी आईच्या नावावर खपवलं."

तो वळला. डोळे ओले होते, पण तो हसत होता. आधी थोडंसं, मग सगळ्या चेहऱ्याने. "म्हणजे महिनाभर मी उगाच आईंची माया समजून जपत होतो."

"परत द्यायची असली तर द्या."

"नाही देत." तो पुन्हा खुर्चीवर बसला, या वेळी कडेला नाही, नीट. "मग विचारू आता?"

"आधी माझं ऐका. हा रिपोर्ट मी पुढे पाठवणार नाही. नमुना पुन्हा द्यायचा, खरा, तळाशी असला तरी चालेल. तिकडे गेल्यावर द्या, पण द्या."

"तिकडे कोणाकडे देऊ?"

"खडे काय, सगळ्याच गावांत होतात," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण घोगरा नव्हता. "लॅबही असतील. मला काम मिळेल."

तो तिच्याकडे बघतच राहिला. बघता बघता गंभीर झाला. "हे बघा, नीट विचार करा. तिकडे मला एक खोली मिळेल, धुळीची. दर दोन वर्षांनी गाव बदलतं. माझ्या ओळखीचं तिकडे कोणी म्हणजे कोणी नाही."

"इथे तरी कोण होतं?"

त्याने हेल्मेट टेबलावर ठेवलं.

तिने तो दीड माणसाचा रिपोर्ट उलटा केला. मागची बाजू कोरी होती. पेन काढून तिने मोठ्या डॉक्टरांच्या नावाने राजीनाम्याचा मजकूर लिहायला घेतला. दहा वर्षं केलेली नोकरी, महिन्याची नोटीस, कळावे, लोभ असावा. तो मान तिरकी करून वाचत होता.

"कारण काय लिहू?" तिने विचारलं. "सगळे 'वैयक्तिक' लिहितात."

"खरं काय ते लिहा."

"खरं काय ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने तोंड उघडलं, मिटलं... मग तिच्या हातातलं पेन काढून घेतलं. लिहायची सवय नसलेल्या मोठ्या बोटांनी, जपून जपून, त्याने मोकळ्या सोडलेल्या जागेत 'लग्न' असं लिहिलं.

अक्षर वाकडं होतं, पण वाचता येत होतं. तिने दोनदा वाचलं, आणि खाली सही केली.